आधी चुकलं ते

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

डायरी लिहायची नाही असं मी दिवाळीतच ठरवलं होतं. आजवरची एकही डायरी मार्चच्या पुढे गेलेली नाही. पण आज प्राचार्यांनी असं काम गळ्यात घातलंय की कुठेतरी बडबडल्याशिवाय मला राहवणार नाही.

आमच्या कॉलेजातून ‘प्रवरा जीवाश्म वार्षिक’ निघतं. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या जुन्या गाळात सापडणारी हाडं, दात, शंख-शिंपले यांवरचे शोधनिबंध. वर्षाला एक अंक, असे अडतीस झाले. संस्थेला आता प्रश्न पडलाय की हे वाचतं कोण? म्हणून ग्रंथालयाने, म्हणजे मी, अहवाल द्यायचा. इतक्या वर्षांत संशोधनाचा कल कसा बदलत गेला आणि जगात कुणी कुणी आपल्या निबंधांचा संदर्भ दिला, हे मोजायचं. आकडे बरे आले तर अंक चालू राहील. नाहीतर येता एकोणचाळिसावा शेवटचा.

संपादक अब्राहाम सर. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले, मग विभागही बंद पडला. त्या विभागाच्या शेवटच्या तुकडीतली मी विद्यार्थिनी, म्हणून ग्रंथालयात नोकरी करत असले तरी सर मला अजून वर्गातलीच समजतात. विभागामागची खोली त्यांनी सोडलेली नाही आणि सोडा म्हणायची कुणाची छाती नाही. गेली दोन वर्षं मधल्या सुट्टीत त्यांची हाक येते. "सुकन्या, जरा ये गं. पाठ वाकत नाही. मायक्रोस्कोपमधून बघ आणि काय दिसतं ते सांग." शंखाला वळसे किती, तोंड उजवीकडे की डावीकडे, ओठ जाड की पातळ. मी सांगायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. तोवर माझा डबा गार.

पाठदुखीवर शेक घ्या म्हणून मी त्यांना दहा वेळा सांगितलंय. ऐकतील तर शपथ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला अंक मागायला गेले. "नेऊ नकोस, इथेच वाच. मोठ्याने," म्हणाले. छत्तीस पानं मोठ्याने! माझा घसा बसला, सरांचा चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा.

या अंकाची एक रीत आहे, ती इथे लिहून ठेवते. प्रत्येक अंकाचं पहिलं पान ‘आधी चुकलं ते’. मागच्या अंकात ज्याने जे चुकीचं छापलं असेल ते त्याने स्वतःच्या नावानिशी इथे लिहायचं. काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय निघालं आणि कशामुळे फसलो. वर मराठीत, खाली इंग्रजीत. ते पान भरल्याशिवाय सर पुढचं पान लावत नाहीत. कितीतरी मोठे प्राध्यापक या एका अटीपायी रुसून दुसरीकडे गेले.

गंमत म्हणजे पहिल्या अंकातसुद्धा हे पान आहे. मी म्हटलं, "सर, मागचा अंकच नव्हता, तर चुकलं कुठे?" तर म्हणाले, वाच. त्यात सरांनी लिहिलंय की कॉलेजच्या प्रदर्शनात हत्तीची दाढ म्हणून जो तुकडा त्यांनी काचेत मांडला होता, तो टाकीने खाचा पाडलेल्या जुन्या जात्याचा निघाला. दोन मंत्री येऊन त्याला हात लावून गेले होते.

"पाहुणा आला की आपण आधी सांडलेलं पुसतो आणि मग पाट मांडतो," सर म्हणाले. "शास्त्रातही तेवढं करायला काय हरकत आहे?"

सर हल्ली बोलताना माझ्या कानाकडे बघतात. घरी येऊन आरशात पाहिलं, कानातलं सरळ होतं. उद्या दुसरं घालून जाईन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कोल्हारला जाऊन आलो. सर, मी आणि ग्रेसबाईंनी बांधून दिलेली पोळीभाजी. ग्रेसबाई सरांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे अख्ख्या नगरच्या बाई. निघताना मला म्हणाल्या, "उतरताना आधी तू उतर हं." एसटीत बसायचं शिक्षण मला या वयात मिळतंय.

प्रवरेकाठी सहादेव म्हणून शेतकरी आहेत, त्यांच्या बांधापलीकडे नदीची उंच डगर उभी कापल्यासारखी आहे. तिच्या थरांत शंख सापडतात. सरांचा हा जुना अड्डा. सहादेव आम्हाला बघून उसातून धावतच आले.

"या सर! औंदा पान्यानं डगर लई खचली. खालनं शंख उघडं पडल्यात."

सर ताडताड डगरीकडे निघाले. अगदी कडेपर्यंत. सहादेवांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही. मग मला म्हणाले, "ताई, तुमी पुढं व्हा. सर तुमच्या मागनं येत्याल." मला बरं वाटलं. पाहुणीला पुढे घालायची रीत हल्ली राहिली कुठे?

खाली गाळात बसून मी एकेक शंख उचलत होते आणि सरांना वर्णन करून सांगत होते. एक हातात आला आणि मी थांबले. "सर, अडतिसाव्या अंकात याच जागेचा शंख छापलाय ना, त्याच नावाचा हा वाटतोय. पण याच्या तळाचं भोक उघडं आहे. आपण तेव्हा बंद लिहिलं. गाळ भरलेला असणार, मी तेव्हा तो नीट काढला नव्हता."

"म्हणजे चुकलं?"

"चुकलं, सर."

स्वतःच्या अंकात चूक सापडल्यावर एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. खिशातून त्यांचं ते पितळी भिंग काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तुझ्याकडेच राहू दे. वापरलं नाही तर गंजतं."

पितळ कुठे गंजतं? पण मी पर्समध्ये टाकलं. चहा पिताना सहादेव म्हणाले, "आमच्या शेताचं नाव तुमच्या अंकातनं जर्मनीत गेलं म्हनं. हितं तलाठ्याला त्ये अजून सापडंना." सर इतके हसले की चहा धोतरावर सांडला. धोतर सहादेवांचं.

४ डिसेंबर, गुरुवार

कल शोधून झाला आणि मला तो फार आवडला. सुरुवातीच्या अंकांत सगळे मोठ्या हाडांच्या मागे. हत्तीचा सुळा, रानबैलाचं शिंग, पाणघोड्याचा जबडा. मग हळूहळू सगळे शंखांवर आले. त्यापुढे नखाएवढे, मग तांदळाएवढे. आताच्या अंकांत तर मायक्रोस्कोपशिवाय न दिसणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरून नदी तेव्हा केवढी होती, पाऊस किती पडायचा, हे काढतात. वय वाढेल तसं या अंकाला बारीक बारीक दिसायला लागलं. हे वाक्य मी सरांना ऐकवलं तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बहुतेक फार कवितेसारखं झालं.

आता संदर्भ मोजायचे. शिस्तीने काम केलं. नियम साधा आहे, शोधनिबंध तेवढे धरायचे. श्रद्धांजल्या, निवेदनं, शुद्धिपत्रं हे निबंध नव्हेत, ते वगळायचं. सगळी पहिली पानं एका झटक्यात गेली. यादी कशी स्वच्छ दिसायला लागली.

५ डिसेंबर, शुक्रवार

एकेचाळीस. अडतीस वर्षांत मिळून एकेचाळीस संदर्भ. त्यातले नऊ सरांनी स्वतःच स्वतःला दिलेले.

पुन्हा मोजलं. तेवढेच.

९ डिसेंबर, मंगळवार

अहवाल देण्याआधी सरांना वाचून दाखवला. वाटलं होतं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

"नीट मोजलंस ना?"

"दोनदा, सर."

"मग जे आहे ते आहे. आकड्यावर रागावून कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी मला पेरू दिला. अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन पेरू खाल्ला. गोड होता, त्याचाच राग आला.

२५ डिसेंबर, गुरुवार

संस्थेचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. एकोणचाळिसावा अंक शेवटचा. खोली मार्चअखेर रिकामी करायची.

आज नाताळ. सरांकडे जायला पाय उचलत नव्हते, पण गेले नाही तर ग्रेसबाई डबा घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या असत्या. करंज्या, शेव, केक. केकपेक्षा करंज्या भारी. मला सरांनी हौसेने चहा ओतला तो बशीत, बशीतून टेबलावर. ग्रेसबाई शांतपणे "आण, मी देते" म्हणाल्या आणि फडकं घेतलं. मी म्हटलं, "सर, लक्ष कुठेय तुमचं?" तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं काहीतरी होत असावं.

नंतर अंगणात सर म्हणाले, "सुकन्या, मला छापील अंकाचं वाईट वाटत नाही. कागद आज ना उद्या वाळवी खाणारच. पण माझ्यानंतरही कुणीतरी ते पहिलं पान लिहीत राहावं, एवढी एकच इच्छा होती."

मी चप्पल शोधायला लागले. मीच तर मोजलं होतं. घरी येताना रडू आलं, आणि स्टँडपर्यंत रडतच आले.

५ जानेवारी २०२६, सोमवार

देवा, मी काय करून बसले.

सकाळी ढाक्याहून एका संशोधक मुलीची मेल आली. एकोणिसाव्या अंकाचं पान एक स्कॅन करून पाठवाल का? यात नवीन काहीच नाही. मी नोकरीला लागल्यापासून अशा मेल येतात. कुणाला सातव्याचं पान एक हवं, कुणाला तिसाव्याचं पान एक. मी मुकाट्याने स्कॅन करून पाठवते. मला वाटायचं ही मंडळी अंक खरंच निघतो का ते तपासत असतील, म्हणून पहिलं पान मागतात! पान एक म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. आणि हेच पान मी मोठ्याने वाचलंय, हाताने स्कॅन केलंय.

पण या मुलीने खाली एक ओळ जास्त लिहिली होती. ‘तुमच्या सातव्या अंकातल्या चुकांमुळे आमचं एक वर्ष वाचलं. असं दुसरं कुणी छापत नाही.’

मी वगळलेली पानं परत घेतली आणि मोजायला बसले. दुपार झाली, डबा उघडला नाही. तीनशे बारा. ‘आधी चुकलं ते’ या एका पानाला जगभरातून तीनशे बारा संदर्भ. जपान, केनिया, ब्राझील. शंखाला नाव देण्याआधी लोक इथे येऊन बघतात की या नावाने आधी कोण फसलंय आणि कशाने फसलंय. अडतीस अंकांत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान मी कचरा म्हणून काढून टाकलं. यादी स्वच्छ दिसावी म्हणून!

६ जानेवारी, मंगळवार

सरांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

सर खुर्चीतल्या खुर्चीत हलून हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीनशे बारा! अगं, जात्याचा तुकडासुद्धा?"

"त्याला अकरा आहेत, सर."

"ग्रेसला सांगायला हवं. ती तेव्हा म्हणाली होती, कशाला आपली अब्रू छापता."

मी म्हटलं, "सर, हसू नका. माझ्यामुळे अंक बंद पडतोय. आता मी काय करू?"

"काय करायचं ते तुला माहितीय," सर म्हणाले. "नाव घालून लिही. काय वाटलं, काय निघालं, कशामुळे फसलीस. पहिल्या पानावर जागा आहे."

लिहिलं. सात ओळी. इतका वेळ मला शाळेतल्या निबंधालाही लागला नव्हता.

१२ जानेवारी, सोमवार

संस्थेच्या अध्यक्षांनी आज बैठकीच्या शेवटी सरांना आणि मला वेळ दिली. भागवतआण्णा. ऊस, दूध, संस्था, सगळं एका आवाजात चालवणारा माणूस. मी नवा अहवाल नेला होता, पण वाचायला सुरुवात केली ती माझ्या सात ओळींनी. आमची रीतच तशी. आधी चुकलं ते.

वाचून झालं. प्राचार्य पंख्याकडे बघत होते, आणि पंखा तर बंद होता.

आण्णांनी चष्मा काढला. "म्या ह्या टेबलाभोवती किती वर्सं बसतोय. लई ठराव पास केलं. पर ‘माझं चुकलं’ हा विषय आजवर कुनी मांडला न्हाई. पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. मग ते सरांकडे वळले. "सर, म्हंजी जग तुमच्या चुका वाचतंय?"

"होय, आण्णा. हुशारी सगळीकडे मिळते त्यांना."

आण्णा खो खो हसले, मग बाकीच्यांनाही हसायची परवानगी मिळाली. ठराव मागे. अंक चालू! पण एक अट घातली. "तुमी आता थकलात. तुमच्यामागं कोन? त्ये नाव ह्याच अंकात छापून यायला पायजे. न्हाईतर पुढल्या साली पुन्हा हाच तंटा."

मी ताडकन म्हटलं, "आण्णा, सर आहेत की अजून दहा वर्षं!"

आण्णांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नुसतं "बरं" म्हणाले. सर माझ्या कानाकडे बघत होते. आज तर मी आईने दिलेल्या सोन्याच्या कुड्या घातल्या होत्या.

२१ जानेवारी, बुधवार

आता नवा संपादक कोण, या विचाराने डोकं उठलंय. पुण्याहून कुणीतरी डॉक्टरेटवाला येणार. येईल, पहिलं पान बंद करेल, सरांची खुर्ची बदलेल. मायक्रोस्कोपला त्याची पाठ वाकत असेल, म्हणजे मला हाक मारायचंही कारण उरणार नाही. डबा गरम खायला मिळेल. छान.

मिरजगावहून आईचा फोन. "किती दिस त्या शिंपल्यात बसनार हाईस गं? मानसात ये जरा." मी म्हटलं, आई, शिंपले बरे, मोजायला गेलं की निदान जागेवर राहतात. तर म्हणाली, "तुझा आवाज रडका हाय. सर्दी झालीय व्हय?" झालीय म्हणाले.

सरांना सरळ विचारलं, कोण येणार? म्हणाले, "आहे एक. चुका चांगल्या सापडतात." मी त्या माणसाचा मनापासून तिरस्कार करायचं ठरवलंय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एकोणचाळिसाव्या अंकाची प्रुफं आली. सर म्हणाले, घरी ये, इथेच वाच, मोठ्याने. ग्रेसबाई समोर मटार सोलत बसल्या होत्या.

पहिलं पान. ‘आधी चुकलं ते.’ वर माझ्या सात ओळी. त्याखाली कोल्हारच्या शंखाची दुरुस्ती, तीही माझीच. त्याखाली तिसरी नोंद. ती मी आधी पाहिलेली नव्हती. सरांनी ती बाईंकडून लिहून घेऊन परस्पर छापखान्यात धाडली होती. मी वाचत गेले.

‘अंक ३७ व ३८ यांतील सर्व शंख संपादकाने स्वतः पाहून ओळखले, असे छापले आहे. ते चुकले. संपादकाला गेली दोन वर्षे बारीक दिसत नाही. ही गोष्ट त्याने लाजेपोटी लपवली आणि पाठदुखीचे निमित्त केले. ते शंख सुकन्या यांनी पाहिले, मी फक्त ऐकले. दोन्ही अंकांत त्यांचे नाव राहून गेले. यापुढे संपादक म्हणून त्यांचेच नाव वाचावे. अब्राहाम.’

शेवटच्या ओळी मी वाचल्या की नुसत्या बघितल्या, आठवत नाही. मटार सोलायचे थांबले होते.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "काही चूक राहिली का?"

पाठ. भिंग. डगरीची कड. बशीतला चहा. मोठ्याने वाच. आणि मी, बारीक बघण्यात तरबेज म्हणवणारी, शेक घ्या म्हणत होते. सहादेवांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं, बहुतेक आण्णांनासुद्धा कळलं होतं.

"सर, मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दया म्हणून आली असतीस. मला कुरकुरत येणारी हवी होती. कुरकुरणारी माणसं नीट बघतात."

मग मी रडले ते रडलेच. बाईंनी पदराने माझं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं. म्हणाल्या, "पुरतं गेलेलं नाही गं. मधलं तेवढं दिसत नाही. ज्याच्यावर नजर लावतात नेमकं तेच पुसलं जातं. कडेचं अजून दिसतं. म्हणून तर तुझा चेहरा बघायचा असला की ते तुझ्या कानाकडे बघतात."

मी सरांकडे वळले. ते माझ्या कानाकडे बघत होते. मी हलले नाही, त्यांचं बघून होईपर्यंत तशीच बसून राहिले.